बेळगावात बसून समुद्रतळाच्या अंधारातले जुने शिंपले ओळखायला शिकायचं असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, इकडच्या कुणालाही फॉसिलचा नाद लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आपल्याकडं ना समुद्र ना समुद्रातले शिंपल्यांचे थर, मग शिकायचं कुठनं? कच्छला जायला सुट्टी मिळत नाही, परदेशाचं तर सोडूनच द्या. खरं शिंपल्यांचे फॉसिल वाचायची सुरुवात स्वयंपाकघरात होऊ शकते आणि चांगली होते. मी इथं त्यातल्या एकाच गटाबद्दल लिहिणार आहे, मला सगळ्यांत जास्त ओढ लावणारा तोच आहे: सूर्यप्रकाशाचा आधार न घेता समुद्रतळातनं झिरपणाऱ्या मिथेनवर आणि हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या वस्त्यांमधले शिंपले, आणि त्यांचे कोट्यवधी वर्षं जुने अवशेष.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नुसता शिंपला बघून "हा केमोसिंथेटिक वस्तीतला", म्हणजे उजेडाऐवजी रासायनिक ऊर्जेवर चालणाऱ्या वस्तीतला, असं कधी म्हणायचं नाही. शिंपल्याचा आकार आणि आतल्या खुणा, तो ज्या दगडात बसलाय तो दगड, शेजारी कोण कोण आहे, आणि त्या दगडाची केमिस्ट्री, हे सगळं एकत्र जुळलं तरच बोलायचं.

आधी थोडं कळून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठांतर होतील

१९७७ साली गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ॲल्विन नावाच्या पाणबुडीतनं शास्त्रज्ञ उतरले आणि तळातनं गरम पाणी येतं तिथं मोठमोठे शिंपले, नळीत राहणारे किडे अशी गच्च वस्ती दिसली, ह्याला हायड्रोथर्मल व्हेंट म्हणतात. मग १९८४ मध्ये फ्लोरिडाजवळच्या खोल समुद्रात गरम पाणी नसतानाही तशीच वस्ती सापडली, हे कोल्ड सीप, म्हणजे गरम पाण्याशिवाय मिथेन किंवा सल्फाइड नुसतं झिरपतं ती जागा, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समोर मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर. तिन्हीकडं तत्त्व एकच, शिंपल्याच्या कल्ल्यांमध्ये बॅक्टेरिया राहतात, ते सल्फाइड किंवा मिथेनमधली रासायनिक ऊर्जा वापरून अन्न तयार करतात आणि शिंपला त्यावर जगतो. सोलेमाया नावाच्या शिंपल्यांच्या काही जातींत तर आतडंच राहिलेलं नाही, इतका सगळा भार बॅक्टेरियांवर.

फॉसिल शिकणाऱ्याला ह्यातला कोल्ड सीपचा भाग सगळ्यांत कामाचा, कारण तिथं दगडही त्याच जागी तयार होतो. गाळात खाली मिथेन वर येत असतो, समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वरनं खाली जात असतं, दोघं भेटतात तिथं काही सूक्ष्मजीव मिळून मिथेन आणि सल्फेट खाऊन टाकतात, आणि त्यातनं दोन गोष्टी बाहेर पडतात: सल्फाइड, जे शिंपल्यांच्या बॅक्टेरियांना लागतं, आणि बायकार्बोनेट, ज्याची गाळातच चुनखडी बनते. म्हणजे जेवण आणि थडगं दोन्ही एकाच क्रियेतनं येतं, आणि म्हणूनच हे शिंपले जागच्या जागी सिमेंट होऊन टिकतात. हे नीट कळलं की पुढं दगडात काय शोधायचं ते आपोआप सुचत जातं.

पायरी १: तिसऱ्या आणा

बेळगावच्या मासळी बाजारात गोवा, कारवार, मालवणकडनं माल येतो, तिसऱ्या म्हणजे खायचे छोटे शिंपले मिळाले तर अर्धा किलो घ्या, शिनाणे म्हणजे हिरवे मसल्स मिळाले तर तेही, कालवांची एखादी शिंपी मिळाली तर उत्तमच. उकडा, खा, मग शिंपा ब्रशनं धुऊन एक रात्र वाळवा. आता खिडकीशी बसून आतली बाजू तिरक्या उजेडात धरा, सरळ उजेडात काही दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारला तरी चालतं.

तिसरीत दोन टोकांना दोन गुळगुळीत गोलसर ठसे दिसतील, झडपा बंद करणारे स्नायू तिथं चिकटलेले असतात. दोन ठशांना जोडणारी, कडेला समांतर जाणारी एक बारीक रेघ दिसेल, तिला पॅलियल लाईन म्हणतात. ती रेघ मागच्या बाजूला येताना आत वळून एक खोबण करते, काही तिसऱ्यांत खोल, काहींत उथळ, प्राणी पाणी घ्यायच्या-सोडायच्या नळ्या आत ओढून घेतो त्याची ती जागा. वरती अंबो, म्हणजे शिंपल्याचं टोक, जिथनं शिंपला वाढायला सुरुवात झाली, आणि त्याच्या खाली बिजागरीचे दात. हे पाच भाग, दोन ठसे, रेघ, खोबण, अंबो, दात, वहीत काढा. फोटो नको, हातानं काढा. हात फिरवल्याशिवाय डोळ्याला सवय लागत नाही हे मी अगदी मनापासून सांगते.

मग शिनाण्यात बघा, मागचा ठसा मोठा आणि पुढचा स्नायूच गायब. कालवात एकच ठसा. एकाच बाजारातल्या तीन शिंप्यांत इतका फरक, आणि तो फरक कोटी वर्षांनीही दगडात उरतो.

पायरी २: कोणती घराणी शोधायची

आजच्या केमोसिंथेटिक वस्त्यांमध्ये पाच गट वारंवार भेटतात. सगळे एकदम पाठ करायच्या भानगडीत पडू नका, ल्युसिनिड नीट शिका, बाकीचे हळूहळू येतात.

ल्युसिनिड: बहुतेक गोल, पांढरे, बाहेरनं वर्तुळाकार रेघा. आत बघितलं की पुढच्या स्नायूचा ठसा लांबुळका, बोटासारखा खाली उतरलेला, आणि त्याचा खालचा भाग पॅलियल लाईनपासून सुटा. आणि तिसरीत बघितली ती खोबण इथं नाही! म्हणून पहिल्या पायरीत तिसऱ्या लागतात, खोबण असलेली शिंपी हातात घेऊन बघितल्याशिवाय खोबण नसल्याचं लक्षात येत नाही. ल्युसिनिड चिखलात पुरून बसतात आणि पायानं पुढच्या बाजूला पाणी यायची वाट करून घेतात. घराणं फार जुनं आहे, स्वीडनच्या गॉटलंड बेटावर सिल्युरियन काळातली (४० कोटी वर्षांहून जुनी) इलिओनिया प्रिस्का नावाची शिंपी जगत होती त्याच अवस्थेत उभी सापडली आहे, आणि ती तेव्हाच आजच्या ल्युसिनिडसारखी राहत असावी असं मानतात.

सोलेमाया आणि त्याचा भाऊबंद अकॅरॅक्स: लांबट, दोन्ही टोकं गोलसर, शिंपा पातळ, अंबो बराच मागं, बिजागरीला दात नाहीत. जिवंतपणी बाहेरनं चकचकीत तपकिरी साल असते आणि ती शिंप्याच्या कडेच्या बाहेर येते, फॉसिलमध्ये ती क्वचितच मिळते.

व्हेसिकोमायिड: गालापागोसला दिसलेले मोठे पांढरे शिंपले ह्यातलेच, वीतभर लांब होतात. पाय खाली चिखलात घालून सल्फाइड ओढतात, वर कल्ल्यांनी ऑक्सिजन. फॉसिल इओसीन काळापासून मिळतात, म्हणजे डायनासोर गेल्यानंतरचे, ज्युरासिक म्हणजे डायनासोरच्या काळातल्या दगडातला लांबट शिंपला बघून हे नाव घेऊ नका.

खोल समुद्रातले मसल्स, बॅथिमोडिओलस आणि मंडळी: आकारानं तुमच्या शिनाण्याच्या जवळचे, हेही इओसीनपासून पुढं. थायासिरिड: मागच्या बाजूला वरनं खाली जाणारी एक ठळक घडी, ती दिसली की शंका घ्या.

आणि एक संपलेलं घराणं जरूर वाचा, कॅस्पिकोंका. क्रेटेशियसमधल्या (डायनासोरच्या काळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या) सीपांवरचा मोठा, लांबट, मसलसारखा दिसणारा शिंपला, ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरनं २००० साली नाव मिळालं. दिसायला मसल, पण मसल नाही, बिजागरी आणि स्नायूंचे ठसे तपासल्यावरच कळतं. सारख्या जागेत राहणाऱ्यांचे आकार सारखे होत जातात, त्यामुळं बाहेरच्या आकारावर नाव ठेवायची घाई करू नये.

पायरी ३: हा शिंपला आहे का, इथनंच सुरुवात

नवीन माणसाला फसवणारा सगळ्यांत मोठा गट म्हणजे ब्रॅकिओपॉड. दोन झडपा, दगडात अगदी शिंपल्यासारखे, आणि जुन्या सीपांवर ते प्रचंड संख्येनं असायचे, डेव्होनियनमध्ये (सिल्युरियनच्या लगेच नंतरच्या काळात) झिएदुशिकिया, क्रेटेशियसच्या सुरुवातीला पेरेग्रिनेला. फरक असा बघायचा: शिंपल्यात डावी झडप उजव्या झडपेचं आरशातलं रूप असते, पण एकच झडप घेतली तर तिचे दोन अर्धे सारखे नसतात. ब्रॅकिओपॉडमध्ये उलट, एका झडपेचे डावे-उजवे अर्धे सारखे आणि दोन झडपा एकमेकींहून वेगळ्या. कालवासारखे वाकडे शिंपले ह्या नियमात बसत नाहीत, तिथं ठसे बघावे लागतात.

दुसरी अडचण, बऱ्याचदा शिंपा उरलेलाच नसतो. ह्या बहुतेक शिंप्या अरॅगोनाइटच्या, ते खनिज विरघळून जातं आणि आत भरलेल्या गाळाचा दगडी साचा तेवढा राहतो. साच्यावर सगळं उलटं दिसतं, शिंप्यात खड्डा असलेला ठसा साच्यावर उंचवटा होतो. सराव घरीच करा, तिसरीच्या आतल्या बाजूला थोडं तेल लावून शाडूची माती किंवा प्लास्टर दाबा, सुकल्यावर काढा आणि उंचवट्यांवरनं ठसे ओळखा. गणपतीच्या दिवसांत शाडू कुठंही मिळते. हा एक सराव दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो.

पायरी ४: आपल्या भागातला दगड ओळखा, म्हणजे चुकीच्या जागी शोध होणार नाही

हे जरा सविस्तर सांगते कारण फॉसिलच्या नादातल्या लोकांच्या ग्रुपवर सगळ्यांत जास्त फोटो आपल्या भागातल्या दगडांचेच येतात.

निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हात समुद्री शिंपले असायचं कारण नाही. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट भरलेले पांढरे गोल गोळे असतात, तुटल्यावर आत चकचकीत रेषा दिसतात आणि लोकांना शिंपला वाटतो. थर सोलत जाणारे गोल धोंडे दिसतात तेही झिजल्यामुळं, कुठल्या प्राण्यामुळं नाही. दख्खनच्या दोन लाव्हांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात काही ठिकाणी शंख-शिंपले सापडतात, खरं ते गोड्या पाण्यातले, आपल्या विषयाचे नाहीत. खानापूर-जांबोटीकडचा जांभा म्हणजे दगड कुजून झालेला, त्यात बारीक खुणा टिकत नाहीत.

गोकाकचा धबधबा घटप्रभा ज्या वालुकाश्माच्या कड्यावरनं पडते तो कलादगी समूहातला, हा समूह तर १०० कोटी वर्षांहून जुना. तेव्हा प्राणीच नव्हते. त्यात लाटांच्या खुणा मिळतात, आणि बागलकोटकडच्या डोलोमाइट-चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी केलेल्या कमानीसारख्या रेषा. त्या कमानी शिंप्याच्या वाढीच्या रेघांसारख्या वाटू शकतात, पण दोन झडपा नाहीत, बिजागरी नाही, कड नाही. बघायला जरूर जा, सूक्ष्मजीव चुनखडीत कशी खूण सोडतात हे डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि सीपच्या चुनखडीतही सूक्ष्मजीवांचंच काम असतं.

एक छोटी टेस्टही शिका. दगडाचा चुरा करून त्यावर व्हिनेगर टाका, चुनखडी असेल तर बारीक बुडबुडे येतात. डोलोमाइट फार हळू, काळा दगड अजिबात नाही, खरं काळ्या दगडातला कॅल्साइटचा गोळा फसफसतो. म्हणजे बुडबुडे आले ह्याचा अर्थ कार्बोनेट आहे एवढाच, फॉसिल आहे असा नाही.

पायरी ५: सीपचा दगड कसा दिसतो

आता ज्या जगप्रसिद्ध जागा आहेत त्यांचे फोटो आणि वर्णनं शोधून बसा. माझ्या मते सुरुवात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या प्युएब्लो गावाजवळच्या टीपी ब्यूट्सपासून करावी. सपाट, मऊ शेलच्या (चिखल दाबून झालेल्या पातळ थरांच्या दगडाच्या) प्रदेशात मधेच टोकदार टेकड्या उभ्या आहेत, आतला गाभा चुनखडीचा, आणि त्या चुनखडीत निम्फाल्युसिना ऑक्सिडेंटॅलिस नावाच्या ल्युसिनिडची गर्दी. वय सुमारे साडेसात कोटी वर्षं, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या थोडंसं आधीचं. गिल्बर्ट आणि गुलिव्हर ह्या दोघांनी १८९५ मध्येच ह्या टेकड्यांबद्दल लिहिलं होतं. शिंपले दिसत होते, चुनखडी दिसत होती, पण चिखलाच्या समुद्रात नेमकं इथंच एवढे शिंपले का, ह्याचं आजचं उत्तर यायला जिवंत सीप सापडेपर्यंत थांबावं लागलं. इटलीच्या ॲपेनाइन डोंगरातल्या मायोसीन काळच्या (डायनासोर गेल्यानंतर खूप उशिराच्या) ल्युसिना चुनखडीचंही तसंच, एकोणिसाव्या शतकापासून माहिती, अर्थ लागला तो खूप नंतर. मला ह्या दोन उदाहरणांचं फार मोल वाटतं, कारण शंभर वर्षं हुशार माणसांच्या हातात तोच शिंपला होता, नवीन मिळालं ते भोवतालचं ज्ञान.

त्यावरनं शोधायच्या गोष्टी काढा. चारी बाजूंना शेल किंवा चिखलदगड आणि मधेच चुनखडीचा सुटा ढीग किंवा भिंग. जाती थोड्या पण प्रत्येकीची संख्या भरपूर, आजूबाजूच्या शेलमध्ये मात्र त्या जवळपास नाहीतच. झडपा दोन्ही जोडलेल्या, बंद, काही उभ्या, म्हणजे लाटेनं आणून टाकलेल्या नाहीत, तिथंच जगल्या आणि तिथंच मेल्या. दगडात भेगा, भेगांच्या भिंतींवर एकावर एक बसलेले तंतूंसारख्या कॅल्साइटचे किंवा अरॅगोनाइटचे थर, मधे तुटलेले तुकडे पुन्हा सिमेंट झालेले, पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) बारीक दाणे, कधी किड्यांच्या नळ्या. एकच खूण मिळाली तर गप्प बसायचं, चार-पाच एकत्र मिळाल्या की वहीत मोठ्या अक्षरात लिहायचं.

ह्याहून खूप जुन्या जागाही आहेत, मोरोक्कोतला डेव्होनियन काळातला हॉलार्ड माउंड, आणि रशियाच्या उरल भागात यामान कासी, जिथं सिल्युरियन काळातल्या व्हेंटचे प्राणी सल्फाइडच्या खनिजात जपले गेलेत. त्यांच्याकडं नंतर वळा.

पायरी ६: केमिस्ट्री, जी घरी होत नाही पण वाचता यायला हवी

पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधांत, कार्बन १३ चा (कार्बनच्या जरा जड प्रकाराचा) आकडा दिलेला असतो, ठरलेल्या मापाहून तो किती कमी-जास्त ते प्रति हजार ह्या मापात. साध्या समुद्री चुनखडीत तो शून्याच्या आसपास. गाळातला साधा सेंद्रिय कचरा कुजून झालेल्या कार्बोनेटमध्ये उणे २५ पर्यंत. उणे ३०, उणे ४०, उणे ५० असे आकडे दिसले की मिथेनचा कार्बन आलाय असं समजायचं, कारण जिवाणूंनी बनवलेला मिथेन ह्या बाबतीत फार हलका असतो. आकडा उणे १५ आला म्हणून सीप नाहीच असंही नसतं, समुद्राच्या पाण्यातला कार्बन मिसळला की आकडा वर सरकतो.

आणि हे नवीन लोकांच्या हटकून नजरेतनं सुटतं: हा आकडा शिंप्याचा नसतो, भोवतालच्या सिमेंटचा, म्हणजे गाळाला जोडून धरणाऱ्या चुनखडीचा असतो. शिंपला मांस बॅक्टेरियांच्या अन्नावर वाढवतो, पण शिंपा बांधायला कार्बन मुख्यतः समुद्राच्या पाण्यातलाच घेतो, म्हणून सीपवरच्या शिंप्याचा आकडाही बऱ्याचदा साधाच येतो. पेपर वाचताना नमुना कशाचा घेतलाय ते आधी बघा, मगच आकडा.

पायरी ७: एक फेरी गोव्याला

चोर्ला घाटातनं गेलं की पणजी फार लांब नाही. आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई तिथं मांडवी होते, आणि तिच्या तोंडाशी चोडण बेटावर खारफुटी आहे. ओहोटीला कडेचा काळा चिखल बघा, सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, कुजणाऱ्या पानांवर सल्फेट खाणारे जिवाणू काम करत असतात. इथं मिथेनचा सीप नाही, तरी सल्फाइड आहे, आणि जगभर खारफुटीच्या आणि समुद्रगवताच्या असल्या चिखलात ल्युसिनिड आनंदानं राहतात. म्हणजे ल्युसिनिड दिसला की सीप, हे समीकरण का चालत नाही ते नाकाला कळेल. चिखलात उतरू नका, पक्षी अभयारण्य आहे, रस्त्यावरनं बघितलं तरी पुरे.

तिथनं जवळच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था म्हणजे एनआयओ. तिथल्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या गाळात जुन्या कोल्ड सीपचे पुरावे, केमोसिंथेटिक शिंपल्यांच्या शिंप्यांसकट, २००९ मध्ये मांडले, आणि पुढं त्याच भागात चालू असलेला मिथेनचा सीपही सापडला. म्हणजे हा विषय भारतातच, आपल्या शेजारच्या गावात अभ्यासला जातोय. त्यांचे पेपर शोधून वाचा, इंग्रजी जड वाटली तर आधी नकाशे आणि शिंप्यांचे फोटो बघा. कॉलेजात असाल तर प्राध्यापकांमार्फत रीतसर पत्र लिहून भेट मागा.

समुद्री फॉसिल थरात बघायचा सराव हवा असेल तर पुढं कधी कच्छचे ज्युरासिक थर किंवा तमिळनाडूत अरियलूरचे क्रेटेशियस थर. तिथले शिंपले साध्या समुद्रातले म्हणून जा, साधं कसं असतं ते डोळ्यात बसलं की वेगळं ओळखू येतं.

नोंद करायची पद्धत

हातोडी शेवटी, मोबाईल आधी. शिंपला दगडात असतानाच फोटो, शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक फोटो लांबनं, थर दिसेल असा, एक जवळनं. जीपीएस, तारीख, थराचं वर्णन, झडपा बंद की उघड्या, उभा की आडवा, आजूबाजूला आणखी काय, हे जागेवरच लिहा, रात्री खोलीवर जाऊन लिहू म्हणालात तर निम्मं विसरतं. जमीन कुणाची आहे ते विचारून परवानगी घ्या, संरक्षित जागेतनं काहीच उचलू नका. जागेवरनं सुटलेला शिंपला सुंदर दिसेल पण कुठल्या दगडात, कुणाच्या शेजारी होता हेच गेलं तर तो सीपवरचा होता का हे कुणालाही सांगता येणार नाही.

पहिल्या महिन्यात एवढंच करा की: तिसऱ्या, शिनाणे, कालवं ह्यांची चित्रं, शाडूचे साचे, गोकाकची एक फेरी, आणि टीपी ब्यूट्सवरचा एखादा पेपर फोटोंसकट. ल्युसिनिडचा तो लांबुळका सुटा ठसा चित्रात न बघता काढता आला की दुसऱ्या घराण्याकडं वळा.